सगळेच पापी, तर मग दोषी कोण?

एखाद्या नावाजलेल्या पाळकाचं किंवा धर्मगुरूचं गैरवर्तन उघडकीला येतं, बातम्या होतात, चौकशी लागते, आणि मग एक वाक्य हमखास कानावर पडतं: "शेवटी आपण सगळेच पापी आहोत." बोलणारा बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. पण ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला ते वाक्य तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला तर कोडंच पडतं. ज्या धर्मात प्रेम, क्षमा, पावित्र्य यांबद्दल इतकं बोललं जातं, तो धर्म माणसाबद्दल असं का बोलतो? आणि सगळेच पापी असतील तर कुणाला दोष द्यायचाच कशाला?

मी स्वतः ख्रिस्ती आहे. हे वाक्य चुकीच्या जागी वापरलेलं ऐकलं की मला वाईट वाटतं, आणि रागही येतो, कारण ते वाक्य खोटं नाही. खरं वाक्य पळवाट म्हणून वापरलं की ऐकणाऱ्याचा त्या सत्यावरचाच विश्वास उडतो. म्हणून ते मुळात काय सांगतं हे पायापासून पाहू.

'पाप' म्हणजे नेम चुकणं

मराठीत 'पाप' म्हटलं की डोळ्यांसमोर हिशेबाची वही येते. पापपुण्याचा हिशेब, पापाचा घडा भरला, कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय. पाप म्हणजे साठत जाणारी, मोजता येणारी काहीतरी वस्तू. या अर्थाने "सगळे पापी" म्हणजे प्रत्येकाच्या खात्यावर थोडीफार बाकी आहे, एवढंच.

बायबलमधला शब्द मात्र वेगळ्या ठिकाणाहून आला आहे. जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू ग्रंथांत, पाप करण्यासाठी 'खाता' हे क्रियापद येतं. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. 'शास्ते' नावाच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरून दगड मारला तरी तो चुकत नसे, असं त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. तिथल्या 'चुकत नसे' या शब्दांमागे हेच क्रियापद आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथला 'हामार्तिया' हा शब्दही असाच, लक्ष्य हुकण्याच्या अर्थातून आलेला.

एवढ्या एका गोष्टीने चित्र बदलतं. नेम चुकला असं म्हणायचं तर आधी लक्ष्य हवं, आणि नेम धरणाऱ्याकडून ते साधण्याची अपेक्षाही हवी. घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं तर आपण म्हणतो, हे घड्याळ चुकतंय. त्याच टेबलावरच्या दगडाबद्दल असं कुणी म्हणत नाही, कारण दगडाने वेळ दाखवावी अशी अपेक्षाच नसते. म्हणजे माणसाला पापी म्हणणं हे आधी माणसाला मोठं मानणं आहे. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला असं येतं. पहिला माणूस आदाम याने केलेल्या आज्ञाभंगाची कथा त्यानंतर, तिसऱ्या अध्यायात येते. हा क्रम पुष्कळ उपदेशक विसरतात. ते थेट तिसऱ्या अध्यायापासून सुरुवात करतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा धर्म माणसाला मुळातच कचरा समजतो.

सगळे पापी म्हणजे सगळे सारखेच वाईट, असंही नाही. पाण्यात शाईचा थेंब पडला तर सगळ्या पाण्याला थोडा रंग येतो. पाण्याची शाई होत नाही, पण न रंगलेला कोपराही उरत नाही. तसा माणसाच्या बुद्धीत, इच्छेत, प्रेमात, अगदी धार्मिकतेतसुद्धा कुठेतरी हा रंग उतरलेला असतो. आणि काही पापं इतरांपेक्षा मोठी असतात, हे खुद्द येशू त्याचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताला सांगतो: ज्याने मला तुमच्या हाती दिलं त्याचं पाप अधिक आहे.

कळतं पण वळत नाही

पौल हा पहिल्या शतकातला प्रेषित. रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे वाईट करू नये असं वाटतं तेच मी करतो. यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्या भाषेने तीच गोष्ट चार शब्दांत सांगितली आहे: कळतं पण वळत नाही.

या म्हणीवर जरा रेंगाळावंसं वाटतं. आपला सर्वसाधारण समज असा असतो की माणूस वाईट वागतो ते अज्ञानामुळे, आणि नीट शिकवलं की नीट वागेल. काही वेळा ते खरंही असतं. पण आईशी तिखट बोलायचं नाही हे ज्याला कळतं तोच, ठरवूनसुद्धा, पुन्हा तिखट बोलतो. खोटं बोलल्याने काय होतं हे ज्याने भोगलं आहे तोच अडचणीत सापडला की पुन्हा खोटं बोलतो. त्याच्याकडे माहितीची कमतरता नसते. अडचण 'कळण्यात' नसून 'वळण्यात' आहे, आणि ख्रिस्ती शिकवण नेमकी तिथेच बोट ठेवते. जुन्या करारात पश्चात्तापासाठी 'शूव' हे क्रियापद येतं आणि त्याचा साधा अर्थ मागे वळणं. वाट चुकलेला माणूस वळतो तसं. नुसतं वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पावलांची दिशा बदलली पाहिजे.

आदामाची चूक माझ्या माथी का?

हा आक्षेप रास्त आहे. आजोबांनी केलेल्या गुन्ह्यासाठी नातवाला तुरुंगात टाकणं कुठल्याही न्यायात बसत नाही. बायबललाही ते मान्य नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्याच्या, पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही.

मग 'मूळ पाप' म्हणजे काय? माणूस जन्मतःच त्या बिघाडासह जन्मतो, असं सांगणारी ही शिकवण. ती ज्याच्या नावाशी जोडली जाते तो ऑगस्टीन ३५४ साली उत्तर आफ्रिकेत जन्मला आणि पुढे हिप्पोचा बिशप झाला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या एका चोरीबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. शेजारच्या बागेतली नाशपाती चोरली, घरी त्याहून चांगली होती, भूकही नव्हती, आणि चोरलेली बहुतेक फळं डुकरांपुढे फेकली. मग चोरली का? चुकीचं आहे म्हणूनच मजा वाटली, हे त्याचं उत्तर. मोठमोठे गुन्हे सोडून एवढ्याशा गोष्टीवर तो पानंच्या पानं लिहितो, कारण त्या चोरीला कारणच नव्हतं आणि तेच त्याला भयंकर वाटलं.

त्याच काळात पेलागियस नावाचा एक तपस्वी शिकवत होता की माणूस मनात आणेल तर स्वतःच्या बळावर निर्दोष जगू शकतो. आळशी भाविकांना जागं करणं हा त्याचा हेतू असावा, आणि तो मला समजतो. पण ४१८ साली कार्थेज इथल्या धर्मसभेने ही शिकवण नाकारली. निर्णय कठोर वाटतो, पण पेलागियसच्या शिकवणीत दुबळ्याला जागा नाही. जो पुन्हा पुन्हा पडतो त्याला ती एवढंच सांगू शकते की तुझे प्रयत्न कमी पडले.

ऑगस्टीनची बाजूही सगळ्या ख्रिस्ती जगाने जशीच्या तशी घेतलेली नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं एक वाक्य त्याने लॅटिन भाषांतरातून वाचलं, आणि त्यातून 'आदामामध्ये सगळ्यांनी पाप केलं' असा अर्थ निघतो. मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ 'कारण सगळ्यांनी पाप केलं' असा घेतला जातो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने ग्रीकच वाचलं. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याला मिळालं ते मरण आणि दुबळेपण. दोष ज्याचा त्याचाच. धूम्रपानाच्या सवयीतून आईला आजार झाला आणि बाळ अशक्त जन्मलं, तर त्या बाळाला कुणी अपराधी म्हणणार नाही. पण उपचार त्यालाही लागतील. मला स्वतःला ही मांडणी जास्त पटते.

भिंत वाकडी आहे हे ठरवणार कोण?

इसवी सनाच्या आधी आठव्या शतकात आमोस नावाचा माणूस होऊन गेला. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. त्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात त्याला दृष्टान्त होतो, आणि त्यात प्रभू हातात ओळंबा घेऊन एका भिंतीपाशी उभा आहे.

बांधकाम पाहिलेल्या प्रत्येकाला ओळंबा माहीत असतो. दोरीच्या टोकाला वजन, बस्स. तो भिंत बांधत नाही आणि पाडतही नाही. भिंत सरळ आहे की कललेली आहे, एवढंच दाखवतो. गवंडी कितीही अनुभवी असला तरी नुसत्या नजरेवर विसंबत नाही, कारण भिंत थोडी थोडी कलत गेली की नजरही तिच्याबरोबर कलते. आणि ओळंबा भिंतीला बांधून चालत नाही. तो मोकळा लोंबायला हवा, तरच खरं सांगतो.

ख्रिस्ती विचारात नैतिक सत्य म्हणजे हा मोकळा ओळंबा. काय चांगलं, काय वाईट हे माझ्या सोयीवर, बहुमतावर किंवा राजाच्या मर्जीवर ठरत नाही. आमोसच्या काळी देश भरभराटीत होता, उपासना जोरात चालली होती, आणि त्याच वेळी गरिबांना जोडभर पायतणांच्या मोलाने विकलं जात होतं. त्या समाजाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण समाजाची नजर भिंतीबरोबर कलली होती. बेथेलच्या याजकाने आमोसला काय सांगितलं? इथून निघून जा, हे राजाचं देऊळ आहे.

कुणी म्हणेल, नीतीच्या कल्पना समाजागणिक आणि काळागणिक बदलतात, मग एकच सत्य कसं? कल्पना बदलतात हे खरंच आहे. पण गुलामांचा बाजार भरवणारा समाज चुकत होता, असं आपण आज ठामपणे म्हणतो. तो आपल्याहून फक्त वेगळा होता, एवढं म्हणून आपलं समाधान होत नाही. 'चुकत होता' असं म्हणताच आपण दोन्ही समाजांच्या वर कुठेतरी दोरी टांगलेली असते.

पण बायबल हातात घेऊनच अन्याय झाला ना?

झाला. आणि हे सांगताना आवाज खाली आणायचं कारण नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांचा (मंडळी म्हणजे चर्च) संघ १८४५ साली गुलामगिरीच्या वादातून वेगळा झाला, आणि गुलाम बाळगण्याचं समर्थन बायबलमधली वचनं देऊन केलं गेलं. त्याच संघाने १९९५ साली ठराव करून त्याबद्दल क्षमा मागितली. मध्ये १५० वर्षं गेली.

दुसरीकडे, चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने प्रवचनात गुलाम विकत घेणाऱ्यांना विचारलं होतं की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत केलीत? म्हणजे ओळंबा होता, आणि कुणाला तरी तो स्वच्छ दिसतही होता. ज्यांना पाहायचं नव्हतं त्यांनी दोरी आपल्या भिंतीला बांधून घेतली. शाईच्या थेंबाची गोष्ट इथे पुन्हा येते. धर्मग्रंथ वाचणारी बुद्धीसुद्धा त्या रंगातून सुटलेली नसते, आणि म्हणून 'माझं वाचन चुकूच शकत नाही' असं म्हणणारा ख्रिस्ती माणूस आपल्याच धर्माची पहिली शिकवण नाकारत असतो.

देव न मानणारी माणसं चांगली नसतात का?

असतात, आणि पुष्कळदा आमच्याहून चांगली असतात. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र, म्हणजे देवाने यहुद्यांना दिलेले नियम, नाही अशी माणसंही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण त्यांच्या हृदयावर ते लिहिलेलं आहे. दोरी कुणी टांगली हे माहीत नसतानाही भिंतीचा कल दिसू शकतो.

यापेक्षा अवघड प्रश्न प्लेटोच्या काळापासून विचारला जातो. देव म्हणतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देव तसं म्हणतो? पहिलं मानलं तर उद्या देव क्रौर्यालाही चांगलं ठरवू शकेल. दुसरं मानलं तर चांगुलपणा देवाच्याही वर बसला. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या परंपरेतलं उत्तर असं की ही निवडच चुकीची आहे. चांगुलपणा देवाने हुकूम काढून ठरवलेला नाही, आणि तो देवाच्या बाहेरचाही नाही. तो देवाचा स्वभाव आहे. सूर्य प्रकाश कुठून उसना आणत नाही आणि मनात येईल तसा काळोखही पाठवत नाही, तसं काहीसं. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, येशू "मीच सत्य" असं म्हणतो तेव्हा हाच धागा पुढे जातो. ख्रिस्ती माणसाला ज्याच्याशी स्वतःला ताडून पाहायचं आहे ती नियमांची यादी नाही. तो एक जिवंत माणूस आहे, जेवताना, रडताना, शिष्यांचे पाय धुताना पाहिलेला.

"सगळेच पापी" कधी म्हणायचं आणि कधी नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतलं, आणि ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईत मरेल अशा जागी उभं करवलं. नाथान संदेष्टा राजाकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी गरिबाची एकुलती एक, लेकीसारखी वाढवलेली मेंढी घेतली. दावीद संतापला, तो माणूस मरणालाच योग्य आहे म्हणाला. नाथान म्हणाला, "तो माणूस तूच."

"राजा, आपण सगळेच पापी" असं नाथान म्हणाला नाही. तसं म्हणता आलं असतं, ते खरंही होतं, आणि राजाला ते सोयीचंही गेलं असतं. त्याने एकाकडे बोट दाखवलं, मेलेल्याचं नाव घेतलं, आणि क्षमा मिळाल्यावरही परिणाम टळणार नाहीत हे सांगितलं.

माझ्या मते सगळा गोंधळ व्याकरणाचा आहे. "मी पापी आहे" हे प्रथमपुरुषी वाक्य आहे आणि ते स्वतःबद्दल बोलण्यासाठी आहे. येशूच्या दृष्टान्तातला जकातदार देवळात मागे उभा राहून छाती बडवत हेच म्हणतो. त्याच वाक्याचं 'आपण सगळे' करून ते दुसऱ्याच्या जखमेवर ठेवलं की ते पांघरूण होतं. डोळ्यातल्या कुसळ-मुसळाची गोष्ट आपल्या भाषेत म्हणच होऊन बसली आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूही तीच सांगतो. पण तिथलं शेवटचं वाक्य लोक सोडून देतात. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, *मग तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल.* कुसळ काढायचंच आहे. फक्त ज्याला नीट दिसतं त्याचा हात हवा.

लहानग्यांना अडखळवणाऱ्याबद्दल येशूने वापरलेले शब्द तर त्याच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत कठोर आहेत: गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं परवडलं. पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे की मंडळीच्या 'वडिलांवरचा', म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये. पुढच्याच वचनात हेही आहे की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्यावा. पहिलं वचन पुढाऱ्यांना पाठ असतं. दुसरं मंडळीने पाठ करायला हवं.

माणूस मुळात बिघडलेला आहे हे खरंच मानत असू, तर कुणाच्याही हाती बेलगाम सत्ता देता कामा नये, आणि धर्माधिकाऱ्याच्या हाती तर नाहीच. हिशेब तपासले जावेत, तक्रार करायला वेगळी जागा असावी, गुन्हा असेल तर तो पोलिसांपर्यंत आणि न्यायालयापर्यंत जावा. यात अविश्वास नाही. ही मूळ पापाची शिकवण व्यवहारात आणणं आहे. जी मंडळी व्यासपीठावरून "सगळे पापी" म्हणते आणि आपल्या पुढाऱ्याला प्रश्न विचारू देत नाही, ती स्वतःच्याच उपदेशावर विश्वास ठेवत नाही.

मग 'परिपूर्ण व्हा' या आज्ञेचं काय?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमचा स्वर्गीय पिता परिपूर्ण आहे तसे तुम्ही परिपूर्ण व्हा. एका बाजूला 'तू करू शकणार नाहीस' आणि दुसऱ्या बाजूला ही आज्ञा! इथला ग्रीक शब्द 'तेलेयॉस'. एकही डाग नसलेला यापेक्षा पूर्णत्वाला पोहोचलेला, पक्व झालेला, अशी त्याची छटा आहे. आणि आधीची वाक्यं वाचली तर विषय शत्रूवरच्या प्रेमाचा आहे. देव चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच पाऊस पाडतो, तुमचं प्रेमही तसंच पूर्ण असू दे.

तरीही आज्ञा मोठीच राहते. इथे 'कृपा' हा शब्द येतो: न कमावता मिळालेलं देवाचं प्रेम. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये विटेनबर्गला रोमकरांस पत्रावर व्याख्यानं देताना एका रोग्याचं उदाहरण दिलं. वैद्य रोग्याला म्हणतो, तू नक्की बरा होशील. रोगी वैद्यावर विश्वास ठेवतो आणि पथ्य पाळू लागतो. आता तो आजारी आहे की बरा? आजारी आहेच, अंगात रोग आहे. पण वैद्याच्या शब्दाच्या आधारावर तो बराही आहे. ख्रिस्ती माणूस असा एकाच वेळी पापी आणि नीतिमान आहे, असं ल्यूथरचं म्हणणं. देव माणसाला कशाच्या आधारावर स्वीकारतो, या वादातून पुढे पश्चिमेकडचं ख्रिस्ती जग दुभंगलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि माणूस स्वतःच्या गुणावर नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो यावर मूलभूत एकमत असल्याचं मान्य केलं. बारकाव्यांतले मतभेद अजून आहेत.

कृपा फुकट आहे तर माणूस बेफिकीर होईल, ही भीती पौलाच्या काळापासून आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय हे माझं आवडतं उत्तर. कर गोळा करताना लोकांना लुबाडलेला माणूस. येशू आधी त्याच्या घरी जातो, काही अट न घालता. त्यानंतर जक्कय उठून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत करतो. चौपट परत करणं ही कृपेची किंमत नव्हती. कृपा खरोखर त्याच्या घरात शिरली होती, हे त्यावरून कळतं. आणि ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांना उपदेश नव्हे, पैसे परत मिळाले.

भरवसा म्हणजे डोळे मिटून घेणं?

ल्यूथरच्या उदाहरणात सगळा भार वैद्यावरच्या विश्वासावर आहे. वैद्य रागीट असेल तर आपण दुखणं लपवतो. भरवशाचा असेल तर कुठे दुखतं ते पूर्ण सांगतो. स्वतःचं वाकडेपण सरळ नजरेने पाहायला देवावरचा भरवसा का लागतो, ते मला इथे कळतं.

भरवशासाठी हिब्रू शब्द 'एमुना'. 'आमेन' त्याच धातूपासून येतो. जुन्या करारातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात हा शब्द हातांसाठी आला आहे. अमालेकी नावाच्या शत्रूंशी लढाई चालू असताना इस्राएलांचा पुढारी मोशे हात वर धरून उभा आहे. हात भरून येतात, खाली येऊ लागतात. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहतात, म्हणजे स्थिर. थकलेले हात, दुसऱ्यांनी धरलेले. भरवशाचं याहून खरं चित्र मला बायबलमध्ये सापडलेलं नाही.

"देवावर भरवसा ठेव" हे वाक्य दुःखी माणसाला गप्प करायला वापरतात, तेही चूक आहे. स्तोत्रसंहिता हे बायबलमधलं प्रार्थनांचं पुस्तक, आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "हे परमेश्वरा, किती काळ?" अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखावरच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी बावीसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हा भरवसाच आहे, कारण तक्रारसुद्धा 'माझ्या देवा' असं म्हणून त्याच्याकडेच केली जाते.

चांगल्या माणसाला दुःख का, या प्रश्नाला ईयोबाचं पुस्तक वाहिलेलं आहे, आणि त्यातही सरळ उत्तर मिळत नाही. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन सांगत राहतात की तू काहीतरी पाप केलं असशील, उगाच कुणाला दुःख होत नाही. ईयोब भांडतो, देवालाच जाब विचारतो. शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो: माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने नाकारलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापांचा हिशेब काढणाऱ्याने आधी हा अध्याय वाचावा. आणि भरवसा म्हणजे औषध बंद करणंही नव्हे. देव सांभाळेल म्हणून देवळाच्या कळसावरून उडी टाक, असं सैतान सुचवतो तेव्हा येशू नकार देतो: देवाची परीक्षा पाहू नकोस.

अर्धामुर्धा भरवसा चालतो का? मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका. एकाच श्वासात दोन्ही. मुलगा बरा होतो.

पेत्राचं काय झालं

येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र अंगणात कोळशांच्या शेकोटीपाशी शेकत उभा होता, आणि 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणाला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. त्या ग्रीक शब्दाचा वापर संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. येशू तीनदा विचारतो: माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. 'मरेन पण सोडणार नाही' अशी बढाई मारणारा हा माणूस आता स्वतःबद्दल काहीच शपथेवर सांगत नाही. "प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे," एवढंच म्हणतो. आणि त्याच्याच हाती मेंढरं सोपवली जातात.

ही गोष्ट इथेच थांबवायचा मोह होतो, पण गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पुढचं सांगतो. काही वर्षांनी अंत्युखिया शहरात पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर पंगतीला बसत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आले, आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी विश्वासणारेही उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पुन्हा तीच जुनी भीती, लोक काय म्हणतील. पौलाने त्याला सर्वांसमोर, तोंडावर सांगितलं की हे चूक आहे. मंडळीचा आधारस्तंभ मानलेल्या माणसाची ही चूक कुणी खोडली नाही. ती धर्मग्रंथातच राहिली, आणि उपासनेत आजही मोठ्याने वाचली जाते.